अंगठ्याला बांधलेली सुट्टी

दिवेआगरला ज्या वाडीत आम्ही उन्हाळ्याची सुट्टी घालवण्यासाठी उतरलो, तिथल्या विहिरीला कठडा नव्हता. नारळी-पोफळींच्या दाट सावलीत, घराच्या मागील दारापासून हाकेच्या अंतरावर, जमिनीच्या पातळीला उघडी असलेली ती विहीर माझ्या दृष्टीस पडली, आणि हातातील वळकटी खाली ठेवण्यापूर्वीच मी वाडीच्या मालकांना विचारले, "ही विहीर कोणत्या नियमाला धरून अशी ठेवली आहे?"

मालक ओटीवर बसून सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता थांबवलाही नाही.

"वकीलसाहेब, विहीर माझ्या पणजोबांनी खणली. नियम त्यानंतर आले असतील."

"आजवर कोणी पडले नाही?"

"एक रेडकू पडलं होतं. काढलं की लगेच."

सामान सोडण्यापूर्वी मी स्थानिक मंडळाला पत्र लिहिले. त्या सुट्टीतील ते माझे दुसरे पत्र. पहिले मुंबईहून दिघीला येताना बोटीवरच लिहून झाले होते. बोटीचे कठडे उंच होते, परंतु दोन गजांमधील फट आमच्या मुलीच्या अंगापेक्षा रुंद होती. चार वर्षांचे मूल ज्यातून सहज पलीकडे जाईल त्याला कठडा म्हणावे किंवा कसे, असा स्पष्ट प्रश्न मी कंपनीच्या व्यवस्थापकांना विचारला होता. स्वातंत्र्य मिळून फार वर्षे झाली नव्हती. प्रत्येक पत्राला उत्तर देणे हे नव्या राज्यव्यवस्थेचे कर्तव्य आहे, अशी माझी तेव्हा खात्री होती.

माझ्या या संतापाला कारण होते. मुलीच्या आधी आम्हाला एक मुलगा झाला होता, आणि तो तापाने गेला. पहाटेच्या सुमारास पत्नीचा डोळा लागला, आणि ती जागी झाली तेव्हा सारे संपले होते. डॉक्टरांनी तिला परोपरीने सांगितले, की तुम्ही जाग्या असता तरी काही निराळे घडले नसते. तिने ते ऐकून घेतले, मानले मात्र नाही. मुलगी जन्मल्यापासून, मूल जागे असताना तिने कधी डोळे मिटले नाहीत, आणि रात्रीही तिचा एक कान मुलीच्या श्वासाकडे असे. त्या हिवाळ्यात तिला विषमज्वर झाला. ती बरी झाली, पण अंगात शक्ती काही भरेना. डॉक्टर म्हणाले, "औषध मी देतो. दुपारची झोप तुम्ही द्या. समुद्रकाठी न्या आणि रोज दुपारी यांना गाढ झोपू द्या, नाहीतर हे दुखणे उलटेल." न्यायालयाला उन्हाळ्याची सुट्टी लागताच म्हणून आम्ही इथे आलो होतो.

"दुपारी मुलीला मी पाहीन," असे मी सुचवले होते.

"तुम्ही?" पत्नी अंथरुणावरूनच म्हणाली. "तुमच्या हाती कागद आला की घराला आग लागली तरी आधी तक्रार लिहाल, मग पाणी आणाल."

तेव्हा प्रश्न असा होता, की परक्या गावात, जिथे एका बाजूला समुद्र आणि दुसऱ्या बाजूला ती विहीर, तिथे रोज दुपारी मूल निर्धास्तपणे कोणाच्या हाती सोपवायचे. आणि ते अशा हाती, की पत्नीला खरोखरच झोप लागावी. नुसते पडून राहणे डॉक्टरांना चालणार नव्हते, आणि मलाही नाही.

मी रीतसर चौकशी सुरू केली. मालकांच्या पत्नीने प्रथम आपल्या भाचीचे नाव सुचवले. ती अठरा वर्षांची, गोड स्वभावाची मुलगी होती. पहिल्याच दुपारी मी खिडकीतून पाहिले, तर ती शेजारच्या वाडीतील मैत्रिणीशी गप्पा मारत उभी होती, तीही विहिरीच्या काठाला पाठ करून, आणि आमची मुलगी तिच्या पदराशी खेळत होती. मी तिथून ज्या आवाजात ओरडलो त्याने पोफळीवरचे कावळे उडाले. भाची रडत घरी गेली. दुसरी आली ती गावात बाळंतपणे करणारी एक अनुभवी बाई. मी तिला विचारले, की मूल किरकिर करू लागले तर काय कराल? ती हसून म्हणाली, "किरकिर करू देतेय का मी? दुधात अफूचा एवढासा कण घातला, की संध्याकाळपर्यंत निवांत. आई झोपेल, लेकही झोपेल." त्या बाईला मी अफूविषयीचा कायदा उभ्याउभ्या समजावून सांगितला. ती जाताना मालकांच्या पत्नीला म्हणाली, "यांनाच द्यायला हवा गं एक कण."

उपाय अखेरीस पत्नीने शोधला. सकाळी मासे घेऊन दारावर एक कोळीण येत असे. तिच्याकडून मांदेली घेताना पत्नीने सहज विचारले, "बाजार करत तू दिवसभर गावोगाव फिरतेस. तुझी पोरं कोण सांभाळतं?"

"कोन म्हंजे? आजा."

"सासरे?"

"माजा न्हाय, समद्यांचा आजा. तांडेल व्हता. आता जाळी विणतो. आमी बाया बाजारात, पुरुष दरयात, पोरं आज्याकडं. आमच्याकडं असंच हाय, बाय."

"पुरुष?" मी ओटीवरून म्हणालो.

"व्हय तर," ती टोपली उचलत म्हणाली. "तुमच्यात पुरुषांना पोरं उचलता येत न्हाय वाटतं."

मालकांच्या पत्नीने नाक मुरडले. "कोळीवाड्यात ठेवणार मुलीला? अंगाला वास येईल हो." मी तिला राज्यघटनेतील समतेचे कलम ऐकवू लागलो. पत्नीने चटकन मधेच पदर खोचला आणि म्हणाली, "वास साबणाने जातो. चला, बघून येऊ."

किनाऱ्याच्या टोकाला कोळ्यांची घरे होती. घरांपुढे नारळीच्या विणलेल्या झापांचा एक मांडव, आणि त्याखाली वाळूत पाय पसरून तो म्हातारा बसला होता. तांडेल, म्हणजे बोटीचा नाखवा, म्हणून त्याने आयुष्य समुद्रावर काढले होते. आता एका डोळ्याला नीट दिसत नसे, म्हणून तो किनाऱ्यावर राहिला होता. जाळ्याचे तोंड त्याने डाव्या पायाच्या अंगठ्याला अडकवून ताणले होते आणि हातातील सुई सपसप चालत होती. भोवती चार-पाच पोरे वाळूत लोळत होती. मी त्याची जबानी घेण्यास सुरुवात केली. वाळत घातलेल्या बोंबलांची उलथापालथ करणाऱ्या बायका काम सोडून जवळ आल्या.

"वय किती?"

"जवानी गेलीय, मरण आलं न्हाय. मधलं काय तं लिवा."

"दारू घेता?"

"दारूबंदी हाय सायेब," तो गंभीरपणे म्हणाला. "तुमी वकील असून इचारता?"

बायका फिदीफिदी हसू लागल्या. एक म्हणाली, "सायेब, पोर ठेवायची हाय का आज्याचं लगीन जमवायचंय?"

एवढ्यात मला ती दोरी दिसली. सर्वांत लहान मुलाच्या कमरेच्या करदोट्याला एक लांब बारीक दोरी बांधलेली होती आणि तिचे दुसरे टोक म्हाताऱ्याच्या उजव्या पायाच्या अंगठ्याला होते. माझे पित्त खवळले. स्वतंत्र देशातील मूल, आणि जनावरासारखे दाव्याला! एखाद्या माणसाला असे अडकवून ठेवणे हा गुन्हा कसा होतो, हे मी त्याला सांगू लागलो.

तो सुई चालवतच होता. "सायेब, मी त्याला बांधला न्हाय. त्यानं मना बांधलाय. डोळा दगा देतो, कानाला वारा लागतो. आंगठ्याला झोप न्हाय. पोर हालली की मना कळतं."

पत्नी खाली बसली. तिने ती दोरी हातात धरून पाहिली, मग म्हाताऱ्याच्या पायाकडे पाहिले.

"म्हणजे आमची मुलगी पाण्याकडे गेली, तर तुम्हीही जाल."

"व्हय, बाय. माजा पाय माज्याबिगर कसा जाईल?"

मग तिने आमच्या मुलीला स्वतः त्याच्याजवळ नेले. मुलीच्या कमरेला दोरी बांधली गेली. तिला तो खेळच वाटला.

त्या दुपारी पत्नी झोपली. मी दाराशी खुर्ची टाकून बसलो होतो. तिचा हात उशीवरून घसरून खाली लोंबला, तोंड किंचित उघडे राहिले, आणि उन्हे पोफळीच्या शेंड्यांवर चढेपर्यंत ती हलली नाही. लग्नाला इतकी वर्षे होऊनही हे दृश्य माझ्या परिचयाचे उरले नव्हते. तिच्या झोपेत व्यत्यय येऊ नये म्हणून त्या दिवशी मी टाक खरडणेसुद्धा बंद ठेवले.

असा क्रम लागला. पत्नीच्या गालांवर रंग दिसू लागला. मुलगी उन्हाने काळवंडली, कोळीवाड्यातील शब्द बोलू लागली आणि गाठी मारायला शिकली. म्हातारा तिला दोऱ्याचे तुकडे देई आणि ती दिसेल ते दिसेल त्याला बांधून ठेवी. माझी छत्री माझ्याच वहाणेला बांधलेली सापडली. मालकांचा अडकित्ता ओटीच्या खांबाला बांधलेला निघाला तेव्हा ते म्हणाले, "वकीलसाहेब, याला कोणतं कलम?" बांधायला शिकलेले मूल सोडायलाही शिकते, हा विचार कोळीवाड्यात कोणाला सुचला नाही. तिथली पोरे दोरीत वाढत आणि मोठी झाली की आपोआप मोकळी होत. दोरी सोडावी असे त्यांतील एकाच्याही मनात येत नसे. आमच्या मुलीच्या मनात आले.

त्या दुपारी मी विहिरीबद्दलचे स्मरणपत्र टपालात टाकायला गेलो होतो. परतताना मुलीला घेऊन जावे म्हणून किनाऱ्यावरून आलो. मांडवाखाली म्हातारा नेहमीसारखा जाळे विणत होता. कसलेतरी जुने गाणे तो नाकातल्या नाकात गुणगुणत होता. मधूनमधून दोरीला हिसका बसे, तसा तो हसून "थांब गं पोरी, थांब," असे म्हणे. मी दोरीच्या मागोमाग नजर नेली. दोरी उपड्या होडीला वळसा घालून पलीकडे गेली होती. होडीमागे जाऊन पाहिले. दोरीच्या टोकाला एक शेळी होती. तिच्या गळ्यात, फार नीटस अशी, गाठ मारलेली होती.

मला वाटते मी ओरडलो नाही. आयुष्यात ज्या वेळी ओरडायला हवे होते त्या वेळी माझा आवाज गेला. मी फक्त ती शेळी दोरीसकट पुढे ओढून आणली. म्हाताऱ्याने आपल्या अंगठ्याकडे पाहिले, मग शेळीकडे, आणि त्याच्या हातातील सुई वाळूत पडली. तो उठू लागला तो पायात जाळे असतानाच, आणि पडला.

मग आरडाओरडा झाला. बाजारातून परतणाऱ्या बायकांनी टोपल्या जागीच टाकल्या. दोघी लुगडी खोचून थेट पाण्यात शिरल्या. कोणी सुरूच्या झाडीत धावले, कोणी बोंबलांच्या वाळवणामागे शोधू लागले. मी वाडीकडे पळालो. माझ्या डोक्यात एकच गोष्ट होती, आणि तिच्याबद्दल मी नुकतेच स्मरणपत्र टाकून आलो होतो.

विहिरीचे पाणी स्थिर होते. त्यावर एक पिकली सुपारी तरंगत होती. मी काठावर गुडघे टेकून आत वाकलो, आणि तळ दिसतो का ते पाहत राहिलो. तळ दिसत नव्हता. किती वेळ मी तसा होतो ते मला सांगता येणार नाही. मग मला वाटले, पत्नीला उठवायला हवे. ते वाटणे विहिरीपेक्षाही वाईट होते. ती झोपलेली असताना, पुन्हा एकदा. मी मागच्या दाराने घरात शिरलो.

पत्नी कुशीवर झोपली होती. तिच्या तोंडासमोर, उशीला हनुवटी टेकून, आमची मुलगी पालथी पडली होती आणि एकटक आईकडे पाहत होती. कमरेला दोरीचा वळ, केसांत वाळू. मला पाहताच तिने ओठांवर बोट ठेवले.

मी जवळ गेलो आणि तिच्या कानाशी लागलो. "तू इथे कशी?"

"आजा म्हणाला, आई झोपलीय. मला बघायची होती," ती कुजबुजली. "आई झोपली की कशी दिसते ते मला माहीतच नव्हतं."

मी तिथेच जमिनीवर बसलो.

थोड्याच वेळात अंगणात गलबला ऐकू आला. कोळीवाडा सगळा वाडीत आला होता. मी ओटीवर धावलो आणि, ज्याच्या आवाजाने कावळे उडत असत असा मी, दोन्ही हात हलवून सर्वांना गप्प राहण्याच्या विनवण्या करू लागलो. खाणाखुणांनी सांगितले की मुलगी आहे, घरात आहे, आणि तिची आई झोपली आहे. पाण्यातून निथळत आलेल्या त्या बायका, ज्यांचा आवाज किनाऱ्यावरून बोटीला पोहोचत असे, तोंडावर पदर धरून उभ्या राहिल्या. मग एकेक जण पाऊल न वाजवता खिडकीशी आली आणि आत डोकावून गेली. रोज मासे आणणारी ती कोळीण खिडकीशी सर्वांत जास्त वेळ उभी होती. म्हातारा मात्र अंगणात आला नाही. तो वाडीच्या बेड्याबाहेर, फाटकापलीकडे रस्त्यावरच उभा होता. मी त्याच्याकडे गेलो तेव्हा तो मागे वळून चालू लागला.

पत्नीला ती जागी झाल्यावर हकीकत कळली. मी मोजूनमापून सांगणार होतो, पण मालकांच्या पत्नीने आधीच सर्व सांगून टाकले. पत्नीने मुलीला मांडीवर घेतले आणि बराच वेळ तिच्या केसांतील वाळू काढत राहिली. आता पुन्हा ही कधी डोळे मिटणार नाही, असे मला वाटले, आणि म्हाताऱ्यावरचा, दोरीवरचा, त्या शेळीवरचासुद्धा सगळा राग मनात उसळून आला. तक्रार कोणाकडे करावी याचा मी विचार करू लागलो.

"मी खरंच झोपले होते?" तिने विचारले.

"गाढ."

"आणि हिला काही झालं नाही."

"नाही."

"सुटली, तरी समुद्राकडे गेली नाही हो ही. माझ्याकडे आली." ती पुन्हा केसांतील वाळू काढू लागली. मग हळूच म्हणाली, "उद्या मलाही झोपायचंय. तांडेलांना सांगून ठेवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कोळीवाड्यात गेलो, आणि जन्मात प्रथमच असा खटला माझ्या वाट्याला आला, ज्यात आरोपी स्वतःहून गुन्हा कबूल करत होता आणि फिर्यादीला त्याचा बचाव करावा लागत होता. म्हाताऱ्याने मांडव सोडला होता. पोरांना एका बाईकडे देऊन तो घराच्या मागे, भिंतीकडे तोंड करून बसला होता.

"मी पोरं सांबाळत न्हाय," तो म्हणाला. "माजा आंगठा खोटा बोलला."

"खोटा बोलला नाही. दुसऱ्या टोकाला कोणीतरी जिवंत आहे एवढेच तो सांगत होता, आणि ते खरे होते. कोण आहे, हे त्याला कोणी विचारले नव्हते."

"ती दरयात गेली असती."

"गेली नाही. आणि गुन्ह्याला हेतू लागतो. तुमचा हेतू काय होता?"

"तुमचा कायदा किनाऱ्यावरचा, सायेब. दरया हेतू इचारत न्हाय."

मी त्याच्या शेजारी वाळूत बसलो. आमच्या मुलाची हकीकत मी त्याला सांगितली. ती मी त्यापूर्वी कोणाला सांगितलेली नव्हती. माझ्या पत्नीला का झोप लागत नसे, आणि त्याच्या दोरीमुळे ती कशी लागू लागली, तेही सांगितले. तो ऐकत राहिला. मग आपल्या नीट दिसणाऱ्या डोळ्याने त्याने माझ्या पायांकडे पाहिले. मी बूट घातलेले होते.

"त्ये काढा," तो म्हणाला.

अशा रीतीने उरलेल्या सुट्टीत, रोज दुपारी, मी कोळीवाड्यातील मांडवाखाली अनवाणी पाय पसरून बसलो. मुलीच्या कमरेला आता दोन दोऱ्या होत्या. गाठ पाठीवर, तिचा हात पोहोचणार नाही अशा जागी होती. एक दोरी म्हाताऱ्याच्या अंगठ्याला, दुसरी माझ्या. शेळीला गावाच्या दुसऱ्या टोकाला बांधण्यात आले होते. बाजाराला निघालेल्या बायका टोपल्या सावरत मुद्दाम मांडवावरून जात. "काय सायेब, आज किती पोरं? आमची बी बांधू का? दुसरा आंगठा मोकळा दिसतो." मालकांची पत्नी एकदा पाहून गेली आणि तिने डोक्याला हात लावला. त्याच आठवड्यात मालकांनी कोणी न सांगता विहिरीभोवती बांबूचे कूड उभे केले. मंडळाचे उत्तर आजतागायत आलेले नाही.

मी गुडघ्यावर फळी ठेवून पत्रे लिहिण्याचा प्रयत्न करत असे. वाक्य अर्ध्यावर आले, की अंगठ्याला हिसका बसे. मान वर करून पाहावे, तर मुलगी शिंपले दाखवत असे. पुन्हा वाक्य धरावे, पुन्हा हिसका. बोट कंपनीच्या व्यवस्थापकांना लिहायचे दुसरे पत्र त्या पंधरवड्यात "महाशय, आपणांस" याच्या पुढे गेले नाही.

निघण्याच्या आदल्या दुपारी पत्नी स्वतः चालत किनाऱ्यावर आली. इतके अंतर ती आजारानंतर प्रथमच एकटी चालली होती. मांडवाखाली आम्ही दोघे पाय पसरून, दोऱ्या बांधून बसलेले तिने पाहिले आणि ती हसू लागली. आधी पदराआड, मग उघड, मग खाली बसून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हातारा ओशाळून म्हणाला, "बाय, सायेब चांगला बसतो आता. सुरुवातीला लई वळवळायचा."

तिने डोळे पुसले, माझ्या पायाशी वाकून गाठ सोडली, आणि ती दोरी आपल्या पायाच्या अंगठ्याला, जोडव्याच्या बोटाशेजारी, बांधून घेतली.

"तुमचं पत्र पुरं करा," ती म्हणाली. "माझी झोप झाली."

मी फळी घेऊन होडीच्या सावलीत जाऊन बसलो. राग शाबूत होता; कोठून सुरुवात करावी एवढेच सुचेना. अंगठ्यावर दोरीचा वळ होता, आणि मुलगी पळाली की तो अंगठा, दोरी नसतानाही, हलत होता.